मंत्रसामर्थ्याचे चार मार्ग : एक तुलनात्मक अभ्यास
(बी. ए. द्वितीय वर्ष)

प्रास्ताविक

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' असे आपण परभणीकर मोठ्या ऐटीत म्हणतो. परंतु ज्या खेळावरून मला प्रस्तुत लेखाचा विषय सुचला तो खेळ जर्मनीतलाही नाही आणि परभणीतला तर नाहीच नाही. तो अमेरिकेतला आहे. माझ्या खोलीतील मैत्रिणीचा मामेभाऊ पुण्यास शिकतो. गेल्या दिवाळीत त्याने तिला या खेळाच्या नियमांचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा दिला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मेसचे जेवण झाले की वसतिगृहातील आम्ही पाच मुली एका चटईवर बसून तो खेळतो. पहिले दोन महिने तर खेळण्यापेक्षा शब्दकोश पाहण्यातच गेले. माझ्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. वडील चौथीपर्यंत शिकले, आई सही करावयास शिकली ती मी पाचवीत असताना. त्यामुळे इंग्रजी पुस्तक पानोपानी वाचण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या पुस्तकात जादू करणाऱ्यांचे निरनिराळे वर्ग पाडलेले आहेत, आणि ते मी लहानपणापासून ओळखते! श्रावणात आमच्या घरी 'नवनाथ भक्तिसार' या पोथीचे पारायण होते. घरात वाचता येणारी मीच, म्हणून सातवीपासून ती पोथी मी वाचत आले. शिवाय माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते विंचवाचा मंत्र घालतात. म्हणजे पोथीतले मंत्रवाले आणि घरातले मंत्रवाले मला ठाऊक होते. परदेशातले तेवढे नवीन भेटले. या तिघांना शेजारी शेजारी बसवून पाहावे, असे वाटले. त्यातूनच हा लेख झाला.

खेळाची ओळख

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून तो प्रसिद्ध झाला. त्यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. एकजण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतील एकेक पात्र होतात आणि 'मी आता असे करतो' म्हणून सांगतात. ते साधले की फसले, हे फासा ठरवतो. आपल्याकडे आजी गोष्ट सांगत असताना नातवंडांनी मध्येच 'मग मी राक्षसाच्या पाठीमागून गेलो' असे म्हणावे आणि आजीने ते मान्य करून गोष्ट पुढे न्यावी, तसाच हा प्रकार.

सुरुवातीच्या खेळात तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक. पुढे ते वाढत गेले. आमच्याकडे आहे ते पुस्तक २०१४ च्या आवृत्तीचे. त्यात मंत्र घालणारे मुख्य वर्ग सहा आहेत. त्यांपैकी वनस्पती व पशुपक्षी यांच्याशी नाते असणारा 'ड्रुइड' आणि गाण्यावाजविण्यातून मोहिनी घालणारा 'बार्ड' यांची आठवण आपल्याला वैदू आणि गोंधळी-शाहीर यांच्याकडे पाहून सहज होईल. परंतु त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल, म्हणून येथे ते दोन वर्ग बाजूला ठेवते. उरलेले चार म्हणजे 'विझर्ड', 'क्लेरिक', 'सॉर्सरर' आणि 'वॉरलॉक'. मराठीत मी त्यांना अनुक्रमे अभ्यासी, उपासक, उपजत आणि करारी असे म्हणणार आहे. करारी याचा अर्थ येथे करार केलेला असा घ्यावा, करारी स्वभावाचा असा नव्हे!

या चौघांची तुलना करण्यासाठी मी चार प्रश्न घेतले आहेत. सामर्थ्य येते कोठून? त्याची किंमत काय? त्याला मर्यादा कोणती? आणि ते मिळते कोणाला? यांतील चौथा प्रश्न खेळाच्या पुस्तकात नाही. तो माझा आहे. तो मला का पडला, हे पुढे ओघाने येईलच.

१. अभ्यासी

अभ्यासी जादूगाराचे सामर्थ्य पोथीत असते. खेळाच्या आरंभी त्याच्याजवळ एक वही असून तीत पहिल्या पायरीचे सहा मंत्र लिहिलेले असतात. रोज विश्रांतीनंतर ती वही उघडून त्या दिवसापुरते मंत्र तयार करावयाचे, असा त्याचा नियम. दुसऱ्याची वही किंवा एखादे जुने भूर्ज सापडले तर त्यातील मंत्र तो आपल्या वहीत उतरवून घेऊ शकतो. त्यासाठी मंत्राच्या प्रत्येक पायरीमागे दोन तास आणि पन्नास सुवर्णमुद्रा खर्च होतात. अंगाने मात्र हा जादूगार अगदी नाजूक. चिलखत घालावयास तो शिकलेला नसतो आणि एका घावात आडवा होतो. आमच्यातील जी मुलगी प्रथम अभ्यासी झाली तिचे पात्र पहिल्याच रविवारी एका उंदराने मारले, यावरून कल्पना यावी.

मंत्र पाठ करावयाचा आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जावयाचा, ही कल्पना या खेळाने जॅक व्हॅन्स या लेखकाच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकावरून घेतली. नव्या आवृत्त्यांत हा नियम बराच सैल झाला आहे. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सर्व उत्तरे विसरणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना मात्र जुनाच नियम अधिक खरा वाटेल!

आपल्याकडील उदाहरण पाहावयाचे तर नवनाथांच्या पोथीतील गहिनीनाथांच्या जन्माची कथा घ्यावी. गोरक्षनाथ गुरूने दिलेला संजीवनी मंत्र घोकीत बसलेले असतात. खेळणारी मुले येतात आणि मातीच्या गाडीवर बसवायला एक गाडीवान करून द्या म्हणून हट्ट धरतात. हाताने चिखलाचा पुतळा आणि तोंडाने मंत्राचे पाठांतर असे एकाच वेळी चालते आणि तो पुतळा जिवंत होतो. तेच गहिनीनाथ. पाठांतर करताना लक्ष दुसरीकडे असले तर काय होते, याचे इतके सुंदर उदाहरण परदेशी पुस्तकात मला आढळले नाही.

दुसरे उदाहरण चांगदेवांचे. परंपरा सांगते की योगाभ्यासाच्या बळावर ते चौदाशे वर्षे जगले आणि हातात सापाचा चाबूक घेऊन वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीस आले. ज्ञानेश्वरादी भावंडे भिंतीवर बसली होती. ती भिंतच चालत सामोरी गेली. त्यापूर्वी चांगदेवांनी पाठविलेले पत्र कोरे होते, कारण वयाने लहान परंतु ज्ञानाने मोठ्या माणसास आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे त्यांना ठरविता आले नाही. त्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या 'चांगदेव पासष्टी' म्हणून प्रसिद्ध आहेत. चौदाशे वर्षांच्या अभ्यासाला एक साधे पत्र लिहिता येऊ नये, ही अभ्यासी वर्गाची मर्यादा या कथेने नेमकी दाखविली आहे.

२. उपासक

उपासकाचे सामर्थ्य देवाचे असते. तो प्रार्थना करतो आणि देव देतो. खेळात त्याला वही लागत नाही. आपल्या पायरीपर्यंतच्या सर्व मंत्रांची यादी त्याला खुली असते आणि त्यातून तो रोज हवे ते निवडतो. शिवाय चिलखत घालण्यास त्यास मुभा आहे. वरवर पाहता हा वर्ग अभ्यासीपेक्षा फारच भाग्यवान दिसतो. त्याच्यावर बंधन एकच, आणि ते म्हणजे ज्याच्या नावाने मागावयाचे त्याच्याशी इमान राखणे.

आपल्या परभणी जिल्ह्यात या वर्गाचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या या बाईबरोबर विठ्ठल दळू-कांडू लागला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या, आता हिंगोली जिल्ह्यात गेलेल्या औंढा नागनाथ येथील कथाही सर्वश्रुत आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जावयास सांगण्यात आले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. खेळातील उपासक देवाकडे काहीतरी मागतो : जखम भरून दे, प्रकाश दे, शत्रूला जागीच खिळव. जनाबाईंच्या कथेत असे काही नाही. देव आला तो दळणाला हात लावावयास. माझी आई पहाटे उठून जात्यावर दळत असे, ते मी अगदी लहान असताना पाहिले आहे. त्या वेळी कोणी शेजारी येऊन खुंट्याला हात लावणे म्हणजे काय, हे ज्याने दळले आहे त्यालाच कळेल. खेळाच्या पुस्तकात आगीचा गोळा फेकण्याचा मंत्र आहे, परंतु दुसऱ्याचे अर्धे काम उचलण्याचा मंत्र मला त्यात सापडला नाही. आमच्या संतांची चमत्काराची कल्पना ही अशी होती.

३. उपजत

या वर्गातील पात्राला कोणी शिकविलेले नसते. सामर्थ्य त्याच्या रक्तातच असते. पूर्वज कोणी नागासारखा महाप्राणी, म्हणजे ड्रॅगन, असतो किंवा जन्माच्या वेळी काही विलक्षण घडलेले असते. हा वर्ग खेळात २००० साली आला. त्याला मंत्र थोडेच येतात, आरंभी अवघे दोन. परंतु जे येतात ते तो वाटेल तेव्हा, तयारीशिवाय म्हणू शकतो. अभ्यासीला पुष्कळ येते पण सकाळीच ठरवून ठेवावे लागते, उपजताला थोडे येते पण ते सदैव ओठांवर असते. पाठांतर करून आलेला वक्ता आणि उपजत वक्ता यांच्यातील फरक आपण स्नेहसंमेलनात पाहतोच.

नवनाथांचे जन्म पाहिले तर ते सगळे या वर्गात बसतील असे प्रथमदर्शनी वाटते. मच्छिंद्रनाथ मासळीच्या पोटी, गोरक्षनाथ उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी, जालंदरनाथ यज्ञकुंडातून, कानिफनाथ हत्तीच्या कानातून आणि गहिनीनाथ चिखलातून. धुंडीसुत मालू यांनी शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मध्ये पूर्ण केलेल्या या चाळीस अध्यायांच्या पोथीत एकाही नाथाचा जन्म सरळ नाही.

परंतु थोडा विचार केला असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की खेळातील उपजताचा मोठेपणा कुळाचा आहे. नाथांच्या जन्मात कूळच पुसले गेले आहे. मासळी, राख, चिखल, उकिरडा यांना कोण कुळी विचारणार? दुसरी अशी की एवढा विलक्षण जन्म होऊनही कोणाचीच तपश्चर्या चुकलेली नाही. प्रत्येकाला गुरू करावा लागला आणि वर्षानुवर्षे विद्या शिकावी लागली. गोरक्षनाथांनी तर गुरूला आवडलेला एक वडा मिळावा म्हणून मागणाऱ्या बाईला स्वतःचा डोळा काढून दिला. तेव्हा नाथ हे उपजतही आहेत आणि अभ्यासीही. खेळाच्या एका चौकटीत ते बसत नाहीत, आणि न बसण्यातच त्यांची गोडी आहे.

४. करारी

चौथा वर्ग सर्वांत चमत्कारिक. या पात्राने एखाद्या बलाढ्य अदृश्य शक्तीशी सौदा केलेला असतो. ती शक्ती देवच असेल असे नाही, सैतानही असेल. 'तू मला सामर्थ्य दे, मी तुझे अमुक काम करीन' असा हा व्यवहार. खेळात करारी पात्राला मंत्र घालण्याची संधी फारच थोडी मिळते. पहिल्या पायरीवर एकदाच, पुढे पुष्कळ वाढल्यावर चार वेळा. परंतु तासाभराच्या विश्रांतीने ती परत येते आणि प्रत्येक मंत्र पूर्ण जोराने लागतो. लवकर मिळणारे, थोडे आणि प्रखर, असे या सामर्थ्याचे वर्णन करता येईल.

पोथीतही अशा शक्तींशी गाठ पडते. शाबरी विद्या सिद्ध करण्यासाठी मच्छिंद्रनाथांना बावन्न वीरांचे साह्य मिळवावे लागले, वेताळाशी आणि भैरवांशी झुंजावे लागले. परंतु नाथांनी त्यांच्याशी सौदा केला नाही. त्यांना जिंकून लोकांच्या उपयोगी पडण्याचे वचन घेतले. वेताळाला वचन देणे आणि वेताळाकडून वचन घेणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

ते अंतर विसरले गेले म्हणजे काय होते, हे सांगण्यासाठी दुर्दैवाने आपल्याच जिल्ह्यातील मानवतचे नाव घ्यावे लागते. १९७२ ते १९७४ या काळात तेथे स्त्रिया व लहान मुली यांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन मिळावे आणि मूल व्हावे म्हणून हे बळी देण्यात आल्याचे तपासात पुढे आले. साऱ्या देशात त्या प्रकरणाची चर्चा झाली. आमच्या गावातील वडीलधारी माणसे आजही त्या वर्षांविषयी बोलताना आवाज खाली करतात. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की मुलींना विहिरीवर पाठवीत नसत, असे आजी सांगते. खेळात आपण 'मी करार करते' असे हसत म्हणतो आणि फासा टाकतो. मानवतला कराराची किंमत करार करणाऱ्याने दिली नाही. ती दुसऱ्यांच्या लेकींनी दिली. किंमत दुसऱ्याकडून वसूल करणे हाच या वर्गाचा खरा दोष आहे आणि तो खेळाच्या पुस्तकात पुरेसा दाखविलेला नाही, असे माझे नम्र मत आहे.

मर्यादांचे शास्त्र

येथवर सामर्थ्याचा उगम पाहिला. आता नियमांकडे वळू. खेळाच्या पुस्तकाप्रमाणे मंत्राला तीन अंगे असू शकतात : उच्चार, हातांची खूण आणि एखादी वस्तू. आगीच्या गोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते, असे वाचून आम्ही पुष्कळ हसलो. परंतु हसणे ओसरल्यावर मला भस्माची चिमूट आठवली. पोथीत भस्म हाती घ्यावयाचे, मंत्र जपावयाचा आणि फेकावयाचे, हीच रीत आहे. तीच तीन अंगे!

तसेच प्रत्येक अस्त्राला उतारा आहे. अग्न्यस्त्राला जलदास्त्र, वातास्त्राला पर्वतास्त्र, पर्वतास्त्राला वज्रास्त्र, सर्पास्त्राला गरुडास्त्र. कानिफनाथ आणि गोरक्षनाथ यांच्या भेटीत तर झाडावरचे आंबे उतरविणे आणि उतरविलेले आंबे पुन्हा देठाला चिकटविणे अशी चढाओढच लागते. तोडणे सोपे, जोडणे कठीण, हे तेथे न सांगता सांगितले आहे.

भाषेच्या बाबतीत मात्र मोठा फरक आहे. खेळातील मंत्र गूढ, कोणाला न समजणाऱ्या भाषेत असतात. शाबरी मंत्रांचे वैशिष्ट्य असे की ते लोकांच्या बोलीत आहेत. संस्कृत ज्यांच्या कानावर पडू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी नाथांनी मंत्र बोलीत आणला, आणि त्याच परंपरेतील गहिनीनाथांचे शिष्य निवृत्तिनाथ व त्यांचे शिष्य ज्ञानेश्वर यांनी १२९० मध्ये गीतेचे ज्ञान मराठीत आणले. तेव्हा 'ते मिळते कोणाला?' हा माझा चौथा प्रश्न काही नवा नाही. तो सातशे वर्षांहून अधिक जुना आहे. खेळात कोणीही कोणताही वर्ग निवडू शकतो, चटईवर बसलेल्या पाचही जणींना सारखाच हक्क. प्रत्यक्षात तसे नव्हते, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही नाही.

आबांचा मंत्र

आता घरातल्या मंत्राविषयी. आबांना विंचवाचा मंत्र त्यांच्या मामांकडून मिळाला. त्याचे नियम असे : ग्रहणात पाण्यात उभे राहून तो 'जागवावा' लागतो, नाही तर त्याचे बळ जाते. पैसा घ्यावयाचा नाही. रात्री-अपरात्री कोणीही आले तरी नाही म्हणावयाचे नाही. मंत्र मोठ्याने म्हणावयाचा नाही आणि लिहावयाचा तर मुळीच नाही. लिहिला की तो मेला. आणि द्यावयाचा तो घरातल्या एकाच मुलाला. मुलीला नाही, कारण मुलगी परक्या घरी जाते. आबांनी तो माझ्या थोरल्या भावासाठी राखून ठेवला होता. भाऊ पुण्याला एका कारखान्यात लागला आणि 'मला नको' म्हणाला. मी आठवीत असताना एकदा विचारले होते, "आबा, मला देता का?" ते म्हणाले, "पोरीला देत नसतेत, बाई." मला त्या दिवशी फार वाईट वाटले, हे मी अजून विसरले नाही.

मागच्या वर्षी भाद्रपदात माझ्या चुलतभावाला लाकडे काढताना तांबडा विंचू चावला. वय अकरा. रात्रीचे नऊ वाजले होते. सगळी माणसे जमली, "आबा, मंत्र घाला" म्हणून गलका झाला. आबांनी लिंबाचा डहाळा घेतला, ओठ हलू लागले. मी त्याचे पाय धरून बसले होते. मुलाला दरदरून घाम फुटला, उलटी झाली, तळवे बर्फासारखे गार पडले. आबांनी त्याचा हात हातात घेऊन पाहिला आणि डहाळा खाली ठेवला. म्हणाले, "हे माह्या मंत्रातलं नाही. गाडी काढा." एकजण म्हणाला, "आबा, मंत्र अर्धा सोडू नका." आबा त्याच्यावर असे ओरडले की तसे ओरडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. तासाभरात आम्ही ग्रामीण रुग्णालयात पोचलो. डॉक्टरांनी एक लहानशी गोळी दिली, सलाईन लावले, रात्रभर नाडी पाहिली. तिसऱ्या दिवशी मुलगा घरी आला.

केसपेपरवर त्या गोळीचे नाव होते प्राझोसिन. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात मी त्या नावाचा शोध घेतला. ही गोळी मुळात रक्तदाबाची. विंचवाच्या विषाने हृदयावर जो ताण येतो त्यावर ती चालते, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखविले. ते आपल्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे, गरीब शेतकऱ्याच्या घरचे. कोकणात महाड परिसरात सरकारी नोकरी करताना विंचवाने दगावणारी मुले त्यांनी पाहिली, रात्र-रात्र रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या आणि १९८० नंतरच्या दशकात त्या 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पूर्वी अशा रुग्णांत शेकडा तीस-चाळीसपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माझ्या वर्गवारीत डॉ. बावस्कर अभ्यासी होत. वही त्यांचीही होती. परंतु आबांचा मंत्र सांगितला की मरतो, आणि डॉक्टरांची वही सर्वांना वाचावयास दिली म्हणूनच आमच्या आडगावच्या रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरला त्या रात्री काय करावयाचे ते ठाऊक होते. माझा भाऊ त्यामुळे वाचला. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. उपजत सामर्थ्य रक्ताबाहेर जात नाही. कराराचे सामर्थ्य दुसऱ्याचा बळी मागते. उपासकाचे सामर्थ्य त्याच्या आणि देवाच्या मधले असते, त्यात तिसऱ्याने बोलू नये. एक अभ्यासाचे सामर्थ्य तेवढे असे आहे की ते उतरवून घेता येते. खेळात त्यासाठी दोन तास आणि पन्नास मुद्रा लागतात. आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या.

मात्र यावरून कोणी आबांना हसू नये. साध्या विंचवाच्या वेदनेत रात्रभर कोणी तरी उशाशी बसून, पैसा न घेता, पुटपुटत धीर देत होते, ही गोष्ट लहान नाही. जेथे दवाखाना नव्हता तेथे तेच होते. आणि आपल्या मंत्राची हद्द कोठे संपते हे त्यांना कळत होते. ज्यांना ती कळत नाही किंवा कळूनही जे रुग्णाला अडवून धरतात त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा ठरविलेला असून सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर प्रथम त्याचा वटहुकूम निघाला, हे आपण विसरता कामा नये.

समारोप

या उन्हाळ्याच्या सुटीत मी गावी गेले असता एका दुपारी आबांनी मला जवळ बोलाविले. म्हणाले, "वही आण." मी आणली. त्यांनी दाराला कडी लावली आणि हळूहळू मंत्र सांगितला. मी म्हणाले, "आबा, लिहिला की मरतो ना?" ते म्हणाले, "मरू दे. पर तुह्या वहीत राहील." अकरा ओळी आहेत. काही मराठी, काही हिंदी, दोन-तीन शब्द कानडी वाटतात, शेवटी गुरूची आण आहे. अर्थ पूर्ण लागत नाही. येथे मी त्या देत नाही, कारण तेवढे आबांचे मन मला राखावयाचे आहे. परंतु पुढे मराठी विषय घेऊन शिकावयाचे ठरले तर या ओळींच्या भाषेचा अभ्यास करण्याची माझी इच्छा आहे.

वाचक विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती की आपापल्या गावी असे मंत्र, उतारे, ओव्या जाणणारी माणसे असतील. ती आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ते उतरवून घ्यावे. आणि विंचू चावला तर प्रथम गाडी काढावी.

असो. येत्या रविवारी आमच्या खेळाचे नवे प्रकरण सुरू होत आहे. मैत्रिणीने विचारले, "तू कोणता वर्ग घेणार?" मी अभ्यासी घेतला आहे. उंदीर असले तर असोत.